गासडीवरचं नाव

मैत्रिणींनो, गेल्या चातुर्मासात माझ्या हातून एक चोरी झाली. दागिना नाही, पैसा नाही, कुणाची वस्तूही नाही. तरी चोरीच. आणि ती मला माझ्या भाचीच्या मोबाइलवर दिसली.

झालं असं. भाची पुण्यात असते. राखीला दापोऱ्याला आली होती. तिने माझा पाणी गाळण्यावरचा जुना लेख वाचला. दुहेरी फडकं कसं घ्यावं, पाणी कसं ओतावं, फडक्यावर राहिलेले बारीक जीव त्याच विहिरीत हलकेच कसे सोडावेत, म्हणजे आपण जिला जिवाणी म्हणतो ती, असा साधा लेख. ती म्हणाली, "मावशी, हा मी इंटरनेटवर टाकते. तिथे लिहिलं की टोकन मिळतात. त्या टोकनांचे पुढे पैसेही होतात." मी म्हटलं, टाक. लेखिका म्हणून खाली माझं नाव घाल एवढंच.

दोन दिवसांनी तिने दाखवलं. वर माझं नाव, खाली लेख आणि लेखाच्या शेवटी ओळीने चिकटवलेले शब्द. प्रवास. छायाचित्रण. क्रिकेट. शेअर बाजार. आरोग्य. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पाणी गाळण्यात क्रिकेट कुठून आलं?

"अगं, ते टॅग आहेत," ती हसून म्हणाली. "ज्या टॅगला टोकन जास्त, तो टॅग लावायचा. सगळेच लावतात."

'सगळेच लावतात' हे वाक्य मी आमच्या घरात पूर्वी ऐकलेलं आहे. त्याकडे मी पुढे येते. आधी ही टॅगची भानगड काय आहे ते सांगते, कारण मलाही ती समजून घ्यायला चार संध्याकाळी लागल्या. भाचीचं संकेतस्थळ कोणतं याला महत्त्व नाही. या पद्धतीचा इतिहास मात्र जाणून घेण्यासारखा आहे.

टॅग म्हणजे चिठ्ठी. आपण मसाल्याच्या डब्यावर 'धने', 'जिरे' असं लिहून चिकटवतो ना, तसं लेखावर चिकटवायचं. ज्याला जिरं हवं तो जिऱ्याचा डबा उघडेल. जोवर चिठ्ठीला किंमत नव्हती, तोवर चुकीची चिठ्ठी लावण्यात कुणाला फारसा रस नव्हता. 2016 साली स्टीम नावाची व्यवस्था सुरू झाली. नेड स्कॉट आणि डॅनियल लॅरिमर या दोघांनी ती उभी केली आणि तिच्यावर चालणारं लिखाणाचं ठिकाण म्हणजे स्टीमिट. तिथे तुम्ही लिहायचं, लोकांनी मत द्यायचं आणि त्या मतांवर लेखकाला टोकन मिळायचं. ज्याच्याकडे टोकन जास्त साठलेलं, त्याच्या मताचं वजन जास्त. सगळा हिशेब ब्लॉकचेनवर. ब्लॉकचेन म्हणजे चौकात उघडी ठेवलेली खतावणी समजा. कुणीही येऊन वाचावी, खाडाखोड कुणालाही करता येऊ नये.

सुरुवातीच्या काळात तिथे एका लेखाला पाच टॅग लावता येत. ज्या टॅगखाली श्रीमंत मतदार वाचायला येतात, तो टॅग लोक लावू लागले, मग लेख कशावर का असेना. 2019 मध्ये याच्यावर आणखी एक मजला चढला. स्टीम-इंजिन नावाची सोय आली आणि तिच्यामुळे एकेका विषयाच्या मंडळींना स्वतःचं वेगळं टोकन काढता येऊ लागलं. या मंडळींना तिथे 'ट्राइब' म्हणत. पैशाच्या गुंतवणुकीवर लिहिणाऱ्यांचं एक टोकन, खेळावर लिहिणाऱ्यांचं दुसरं. लेखाला त्यांचा टॅग लावला की लेख त्यांच्या टोकनाला पात्र. मग काय! एकाच लेखाला पाच मंडळींचे टॅग लावले तर पाच ताटांत वाढलेलं जेवायला मिळणार. भातावरच्या लेखाला खेळाचा टॅग, मांजरीच्या फोटोला गुंतवणुकीचा टॅग. माझ्या पाण्याच्या फडक्याला क्रिकेट. मी त्याच रांगेत जाऊन बसले होते.

आता हे पकडायचं कसं? काही गोष्टी यंत्राला कळतात. एखादा माणूस रोज वेगवेगळ्या विषयांवर लिहितो आणि टॅग मात्र दररोज तेच पाच. एखाद्या टॅगचं टोकन निघालं आणि त्याच आठवड्यात त्या विषयावर कधीच न लिहिलेले लोक तिथे गोळा झाले. ठरावीक दहाजण एकमेकांनाच मत देतायत. हे सगळं उघड्या खतावणीत दिसतं. बेरीज-वजाबाकी करणारा प्रोग्राम ते शोधून काढतो.

2021 मध्ये स्टीमिटवर 'क्लब' नावाचे टॅग आले. कमाईतला निदान निम्मा भाग मी बाहेर न काढता इथेच साठवतो, असं सांगणारा एक टॅग. त्याहून मोठा वाटा साठवणाऱ्यांसाठी पुढचे दोन. असा टॅग लावणाऱ्याकडे मत देणाऱ्यांचं लक्ष जास्त. तिथेही खोटे टॅग लागलेच. पण ते पकडणं सोपं होतं. वही उघडायची, महिन्यात किती आलं, किती साठवलं, किती काढलं ते बघायचं. टॅग खरा की खोटा ते दोन मिनिटांत कळतं.

पण 'हा लेख खरोखर प्रवासावर आहे का?' हे वहीत लिहिलेलं नसतं. त्यासाठी लेख वाचावा लागतो. प्रोग्राम फक्त बोट दाखवतो, वाचायचं माणसाला. आणि वाचणाऱ्याचा वेळ जातो. स्टीमवर तर आणखी एक अडचण होती. खोट्या लेखाला उलटं मत देऊन त्याचं बक्षीस कमी करता यायचं, पण ते उलटं मत तुमच्या रोजच्या मतांच्या ताकदीतूनच खर्च व्हायचं. म्हणजे गावची राखण करायची तर स्वतःची मजुरी बुडवायची. 2019 च्या ऑगस्टमध्ये तिथे नियम बदलला आणि उलट्या मतांसाठी ताकदीचा वेगळा साठा दिला. तोपर्यंत तीन वर्षं होऊन गेली होती. जी जागा राखायला जाणाऱ्याचं नुकसान करते, तिथे चोर वाढले तर नवल काय?

भाची म्हणाली, "मावशी, हे सगळं नव्या जमान्याचं आहे, तुला नाही समजायचं."

मी म्हटलं, "बाई, हे तुझ्या पणजोबांना समजत होतं. तेव्हा टॅगला गासडीवरचा मार्का म्हणायचे."

आमच्या भागात आज जिकडे बघाल तिकडे केळी दिसते. पण आमच्या सासरी आधी कापसाची अडत होती. निमाड, खानदेश आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईला जाई आणि तिथून जहाजाने लिव्हरपूलला. कापूस कोणत्या मुलखातला यावर त्याचा भाव ठरे. हिंगणघाटच्या कापसाचं नाव तर इतकं मोठं की त्या गावाचं नाव हीच कापसाची जात झाली. लांब, मऊ, चांगला धागा. म्हणजे गासडीवर 'हिंगणघाट' लिहिलं की भाव चढला. मग जो कापूस हिंगणघाटचा नाही, त्याच्यावरही ते नाव लिहायचा मोह होणार की नाही?

अशा मोहांवर मुंबई इलाख्यात 1829 सालीच कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा झाला होता. पुढे 1861 मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. तिथला कापूस बंद पडला आणि सगळी इंग्लंड आपल्या कापसावर तुटून पडली. भाव आकाशाला भिडले. त्याच काळात मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे व्यापारी अफाट श्रीमंत झाले. हे आपल्याच समाजातले. मुंबईचा राजाबाई टॉवर त्यांच्या आईच्या नावाचा आहे, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक असेल. भाव चढला तशी भेसळही चढली. कापसात सरकी, माती, कचरा. वजन वाढावं म्हणून पाणी. चांगल्या कापसाच्या आत हलका कापूस. लिव्हरपूलहून तक्रारींचा पाऊस पडला आणि 1863 मध्ये मुंबई सरकारने कापसातल्या भेसळीवर खास कायदा केला. निरीक्षक नेमले, गासड्या बांधणाऱ्या प्रेसवर परवान्याचं बंधन घातलं.

आमचं बुऱ्हाणपूर तेव्हा मध्य प्रांतात गेलेलं, म्हणजे तो कायदा आमच्या घराला थेट लागू नव्हता. पण माल मुंबईलाच जायचा. त्यामुळे त्याची धास्ती इथवर होती, असं घरात सांगत.

त्या कायद्यावर व्यापारी नाराज होते. सुमारे वीस वर्षांत तो मागे घेतला गेला. रेल्वे आतल्या गावांपर्यंत आली, खरेदीदार स्वतः बाजारात येऊन माल बघू लागले. मग सरकारी निरीक्षक कशाला, असा सवाल होता. हा सवाल मला आज फार महत्त्वाचा वाटतो. घेणारा स्वतः गासडी उघडून बघतो तेव्हा मार्क्याचं राज्य कमी होतं. तो न बघता नावावर पैसे मोजतो तेव्हा खोटी नावं उगवतात.

पण गोष्ट तिथे संपली नाही. हलका कापूस रेल्वेने चांगल्या कापसाच्या मुलखात न्यायचा, तिथे जिनमध्ये मिसळायचा आणि त्या मुलखाचं नाव लावून विकायचा, असा नवा धंदा सुरू झाला. माल बाहेरचा, नाव स्थानिक. आजच्या भाषेत, टॅग एक आणि लेख दुसरा. शेवटी 1923 मध्ये कापूस वाहतुकीचा कायदा आला. सरकारने राखलेल्या मुलखात बाहेरचा कापूस परवान्याशिवाय आणायला बंदी करता येऊ लागली. दोन वर्षांनी, 1925 मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा झाला. त्याने गासडीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणं बंधनकारक केलं. त्यामुळे माल खोटा निघाला तर तो कोणत्या प्रेसमधून निघाला ते मागे जाऊन शोधता येऊ लागलं. उघडी खतावणी म्हणतात ती हीच की! शंभर वर्षांपूर्वीची.

तरी खतावणीने सगळं भागत नव्हतं. वजन काट्यावर कळतं. गासडी कोणत्या प्रेसची ते आकड्यावरून कळतं. पण धाग्याची लांबी बोटांनाच कळते. जाणता माणूस कापसाचा पुंजका घेई, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढी, पुन्हा जुळवून ओढी आणि जो धागा उरे त्यावरून सांगे की हा माल कुठला. त्या माणसाला बाजारात मान होता, कारण तो नाव वाचत नसे, कापूस वाचत असे.

आता आमच्या घरातली गोष्ट. माझ्या सासूबाईंनी ती मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सांगितली. आजेसासरे पापभीरू माणूस. रोज देवदर्शनाशिवाय पाणी न घेणारे, सूर्यास्तानंतर अन्न न शिवणारे. पण थंडीच्या दिवसांत कापसाच्या गाड्या रात्री उघड्यावर सोडायचे. पाणी शिंपडत नसत. पाणी शिंपडणं पाप! फक्त ताडपत्री घालत नसत. रात्रभर दव पडे, सकाळी गाडी भरून वजनाला जाई. सासूबाईंनी लहान सून असताना विचारलं होतं, "मामंजी, गाड्या झाकायच्या नाहीत का?" ते म्हणाले होते, "सगळेच असं करतात."

सासूबाई सांगत, म्हातारपणी एका पर्युषणात प्रतिक्रमणाला बसले असताना ते मध्येच थांबले आणि मोठ्याने म्हणाले, "दव पडत होतं, ते मला माहीत होतं." घरातल्यांना काही उमगलं नाही. सासूबाईंना उमगलं.

आपल्या शास्त्रात अचौर्य व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतला शेवटचा प्रतिरूपक व्यवहार. म्हणजे चांगल्या वस्तूत तिच्यासारखी दिसणारी हलकी वस्तू मिसळून चांगली म्हणून देणं. लहानपणी पाठशाळेत आम्ही तो शब्द घोकला. उदाहरण कायम दुधात पाण्याचं, तुपात डालड्याचं. शब्दांतही हे होतं, असं कुणी सांगितलं नव्हतं. 'क्रिकेट' वाचायला आलेल्या माणसाला मी पाण्याचं फडकं दिलं. त्याचा वेळ घेतला, त्याच्या मंडळींच्या टोकनात हात घातला. ज्याने खरंच क्रिकेटवर रात्र जागून लिहिलं, त्याचा लेख माझ्यामुळे एक पायरी खाली गेला. वस्तू नाही गेली कुणाची, पण वाटा गेला.

पुढे काय झालं तेही सांगते. तिथल्या राखणदारांनी भाचीला आधी दोनदा लिहून कळवलं की टॅग लेखाशी जुळत नाहीत, बदला. तिने ते वाचलंच नाही. तिसऱ्यांदा लेखाचं बक्षीस शून्य केलं. इथवर ठीक. पण तिचं खातंच संशयिताच्या यादीत गेलं आणि तिने स्वतःच्या आजीवर, म्हणजे माझ्या आईवर, मनापासून लिहिलेला लेखही त्याच झपाट्यात दाबला गेला. त्या लेखाचे टॅग अगदी खरे होते. ती रडली. मला वाईट वाटलं आणि अंमळ रागही आला. पकडणाऱ्यांनी तो लेख वाचला नव्हता, नुसतं खातं बघितलं होतं. म्हणजे नावावर पैसे देणारा जसा चुकतो, तसा नावावर शिक्षा देणाराही चुकतो.

तेव्हा मला माझाच लेख आठवला. आपण पाणी गाळतो ते फक्त स्वच्छ पाण्यासाठी नाही. फडक्यावर अडकलेला जीव जिथला आहे तिथे जिवंत परत जावा, हाही गाळण्याचाच भाग. फडकं पिळून काढलं, उन्हात टाकलं, तर गाळण्याचा अर्थ काय राहिला? खोटं वेचून काढणाऱ्याचं फडकं घट्ट विणीचं हवंच, पण हात हलका हवा. आधी सांगावं, वाट बघावी, चुकून अडकलेल्याला परत सोडावं. राखणदारांनी मला दोनदा सांगितलं होतं, हे मी विसरणार नाही. आजेसासऱ्यांना तर कुणीच सांगितलं नव्हतं.

भाचीने मग त्यांना सविस्तर लिहिलं. चूक कबूल केली, आईवरचा लेख पुन्हा वाचायची विनंती केली. एकाने वाचला. पंधरा दिवसांनी त्या लेखावरचा डाग निघाला. बक्षिसाची मुदत तोवर संपली होती, टोकन काही मिळालं नाही. माझ्या लेखाचे टॅग तिने माझ्यासमोर काढले. आता दोनच आहेत. पाणी आणि जैन आचार. मला विचाराल तर वाचणारे फार नाहीत.

जाता जाता एक सांगते. 2016 मध्येच, ज्या वर्षी ते स्टीम सुरू झालं, जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. वर्तमानपत्रं त्यालाही 'जीआय टॅग'च म्हणतात. आमच्या दापोऱ्याहून जळगाव जिल्ह्याची हद्द काही फार लांब नाही. तीच तापीकाठची काळी माती, तसंच पीक. चवीत कुणाला फरक सांगता येईल, असं मला वाटत नाही. तरी आमचा घड जळगावचा म्हणून विकता येणार नाही, आणि विकूही नये. बुऱ्हाणपूरची केळी बुऱ्हाणपूरच्या नावावर उभी राहायला हवी. सरकारच्या एक जिल्हा एक उत्पादन योजनेत आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला केळीच आलेली आहे. नाव कमवायला वेळ लागतो. हिंगणघाटलाही लागला असेल.

परवा आमच्या घरासमोर केळीचा ट्रक भरत होते. मुलाने खोक्यांवर चिकटवायची चिठ्ठ्यांची गुंडाळी आणली होती. मी उठून बाहेर गेले आणि त्या चिठ्ठीवर काय छापलंय ते वाचून आले. मुलगा म्हणाला, "आई, काय बघतेस?"

म्हटलं, "काही नाही. ताडपत्री बघतेय."